लोकरीचा रस्ता

१९ ऑगस्ट २००४

ही डायरी बर्नर विकणाऱ्या कंपनीने जानेवारीत फुकट दिली होती. सात महिने तिच्यावर चहाचा कप ठेवत आलो. आज उघडली, कारण आज लॅबमध्ये जे केलं ते बोलून दाखवलं तर लोक हसतील. पूनमला सांगितलं तर तीसुद्धा हसली, आणि ती माझी बायको आहे.

प्रकार असा. खडी-डांबर कालवणाऱ्या आमच्या हॉटमिक्स प्लांटचे मालक जयसिंग शेठ यांना न्हावऱ्याहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका तुकड्याचं काम मिळालंय. उसाचे ट्रेलर हा रस्ता दर साली चिरडून टाकतात, म्हणून बांधकाम खात्याने यंदा नव्या पद्धतीचा माल मागितलाय. खडी जाड, डांबर जास्त. पण डांबर जास्त झालं की ते खडीला धरून राहत नाही, ट्रकमध्येच गळून तळाशी बसतं. ते धरून ठेवायला मालात बारीक तंतू मिसळावे लागतात. ते तंतू परदेशातून गोळ्या होऊन येतात आणि त्यांच्या किमतीचं नाव काढलं की शेठना ॲसिडिटी होते.

आज त्यातली एक गोळी बोटांनी चुरली. आत राखाडी कापूस. मनात आलं, असलं तर आमच्या घरी पोत्यांनी पडून आहे. आबांच्या मेंढरांची लोकर. तिचाच एक झुबका डब्याच्या पिशवीला चिकटून आला होता. तो कातरला, गरम मालात मिसळला, जाळीच्या टोपलीत भरून ओव्हनमध्ये ठेवला आणि खाली ताटली ठेवली. काढली तेव्हा ताटली जवळजवळ कोरडी होती. डांबर गळलंच नाही.

लॅबमध्ये दुसरं कुणी नव्हतं. मी ताटली तीनदा उलटीसुलटी करून पाहिली.

२२ ऑगस्ट

धाकटा भाऊ बन्सी रांजणगावच्या कंपनीत आहे. आज त्याची सुट्टी, म्हणजे आमच्या घरात भांडणाचा वार.

"आबा, तुमचं गुडघं गेल्यात," तो म्हणाला. "मेंढरांमागं फिरायला गडी लागंल. त्याचा पगार कोन देनार, मेंढरं?"

आबा गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिले. पोराचं म्हणणं खोटं नाही, हेच त्यांचं दुखणं. पूर्वी घोंगडीवाले दारात येऊन लोकर घेऊन जायचे. आता कातरणाऱ्याला वर पैसे द्यायचे आणि ती लोकर पोत्यात टाकायची. तीन कातरणींची लोकर छपरात पडून आहे. चरायला रान होतं ते निम्मं उसाखाली गेलं, निम्मं कंपन्यांखाली.

"संक्रांतीपतूर थांबतो," बन्सी म्हणाला. "मग मातर दौंडच्या व्यापाऱ्याला टेंपो घिऊन बोलवनार. मी वंगाळ न्हाई आबा. पन असं किती दिस चालायचं?"

तेव्हा मी ताटलीची गोष्ट सांगितली. बन्सी हसला. आई म्हणाली, "रस्त्यात लोकर? थंडी वाजती का त्याला?" आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी गुडघ्यावरचा हात काढला आणि माझ्याकडे पाहिलं. माझा डिप्लोमा झाला तेव्हाही त्यांनी असं पाहिलं नव्हतं. तेव्हा त्यांना एवढंच कळलं होतं की पोरगा आता मेंढरांकडे फिरकत नाही.

म्हणजे सगळं माझ्या डांबरावर आलं. लोकर विकली गेली तर गड्याचा पगार निघतो, गडी आला तर मेंढरं राहतात, आणि मेंढरं राहिली तर आबा राहतात.

५ सप्टेंबर

लोकर बारीक केल्याशिवाय मालात मिसळत नाही. कडबाकुट्टीत घालून पाहिली तर पात्याला गुंडाळली गेली, अर्धा दिवस ती सोडवण्यात गेला. शेवटी आई आणि पूनम कातऱ्या घेऊन बसल्या. दोन दिवसांत एका नमुन्यापुरती लोकर झाली. पूनम म्हणाली, असा रस्ता करायचा तर आपलं बाळ कॉलेजात जाईल. तिला तिसरा महिना आहे. घरात सोडून कुणाला सांगितलेलं नाही.

नमुने गरम पाण्यात बुडवून ठेवले, मग दाबून तोडले. पाण्याने डांबर सुटतं का, ही खरी परीक्षा. सुटलं नाही. दुसऱ्यांदा केलं, तरी नाही.

११ सप्टेंबर

शेठना सांगितलं. ते म्हणाले, "हनुमंतराव, आज मेंढराचे केस म्हणताय, उद्या म्हशीचं शेण आणाल." मग आकडे बघितले आणि चहा मागवला. शेठनी चहा मागवला म्हणजे त्यांच्या डोक्यात गणित सुरू झालं.

खात्याचे साहेबही नाही म्हणाले नाहीत. निवडणुकीची आचारसंहिता उठल्यावर पन्नास मीटरचा तुकडा करून बघा म्हणाले. अर्ध्या बाजूला परदेशी गोळी, अर्ध्या बाजूला लोकर. उन्हाळा पार पडला तर शेठ आसपासच्या सगळ्या वाड्यांवरची लोकर घेणार. तोंडी का होईना, शब्द दिलाय.

३ ऑक्टोबर

घरचंच मांजर आडवं गेलं. आबा सकाळी म्हणाले, "ती लोकर रस्त्यात जानार म्हंजी पायाखाली जानार."

"पायाखाली नाही आबा, टायरखाली."

"त्ये आजून वंगाळ."

आम्हा धनगरांत घोंगड्याला विटाळ नाही. देवाचे टाक घोंगड्यावर मांडतात, पंच घोंगड्यावर बसतात, शपथ घोंगड्यावर हात ठेवून घेतात. ते सगळं मला माहीत आहे. पण माझ्या डोक्यात साहेबांची तारीख होती. मी म्हणालो, आता त्या पोत्यांत उंदीर मुततात, त्यापेक्षा रस्ता बरा. हे बोलायला नको होतं. आबा जेवले नाहीत.

५ ऑक्टोबर

आबा आज खुशीत. पायरीवर बसवून घेऊन म्हणाले, "म्या लई इचार केला. पाव्हना आला की आपुन घोंगडं हातरतो. त्यो त्यावर बसतो, पाय ठिवतो. त्यात पाप न्हाई. लोकर तुडवली तर पाप, घोंगडं हातरलं तर मान."

"तसंच समजा आबा."

"समजायचं न्हाई, करायचं."

मला मुद्दा नीट कळला नाही. पण होकार मिळाल्यावर वकिली कशाला करा?

१६ नोव्हेंबर

दिवाळी झाली, कातरण झाली. मेंढरं ओढ्याच्या डोहात धुतली. पाणी थोडंच होतं, पण होतं. पलीकडच्या वाडीचा म्हाळू कातर घेऊन आला. त्याने या वेळी मजुरी सांगितलीच नाही. म्हणाला, "तुझा रस्ता झाला की माझीबी लोकर घे." आबा एकेक मेंढरू धरून देत होते. काशी नावाची म्हातारी मेंढी आहे, ती आबांशिवाय कुणाच्या हाताला थांबत नाही. तिला धरताना आबा दोन्ही गुडघ्यांवर बसले, आणि मग त्यांना उठवायला दोघं लागलो.

आईला सांगितलं, नवी-जुनी सगळी लोकर रिठ्याच्या पाण्यात धू, तेलकटपणा जाऊ दे, आणि खडखडीत वाळव. "ते माजं मी बघते," ती म्हणाली. "तू डांबराचं बघ."

२१ नोव्हेंबर

आईने धुरपदा मावशीकडून चिंचोके आणलेत. मोठी पाटीभर. भाजले, सोलले, भिजवले आणि पाट्यावर वाटायला बसली. संध्याकाळी घरी आलो तर अंगणात चुलीवर खळ शिजत होती. तो वास लहानपणापासून नाकात आहे. घोंगड्याच्या लोकरीला चिंचोक्याची खळ चढवतात, म्हणजे घोंगडं ताठ राहतं आणि पिढीभर टिकतं.

मी ओळखलं. आई बाळासाठी घोंगडं करवतेय. आमच्या घरात प्रत्येक पोराला घरच्या मेंढरांच्या लोकरीचं घोंगडं मिळतं. माझं अजून आहे, बन्सीचंही आहे. पण बाळ जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी काही आणायचं नाही, करायचं नाही, बोलायचंसुद्धा नाही, अशी रीत. म्हणून आई गुपचूप करतेय. मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि आत गेलो. पूनमलाही खुणेने गप्प केलं. तिला हसू आवरेना.

आबा आईला म्हणत होते, "पातळ झाली का बघ." आज घर बरं वाटलं.

२८ नोव्हेंबर

आज चमत्कार झाला. लोकर कडबाकुट्टीत घातली आणि ती कडब्यासारखी कटाकट तुटून पडली. कुठे गुंता नाही, गुंडाळणं नाही. दुपारपर्यंत पोती भरली. सप्टेंबरात हीच लोकर पात्याला मिठी मारून बसली होती!

रिठ्याची करामत. लोकर धुऊन वाळवली की तिला ताठपणा येतो, हे कुठल्या पुस्तकात नसेल. मी वेगळ्या कागदावर लिहून ठेवलं.

शेठनी विचारलं, "या पोत्यांतला नमुना तपासला का?" म्हटलं, शेठ, घरची लोकर आहे, ऑगस्टपासून तीच तपासतोय. शेठ म्हणाले, "बरं."

९ डिसेंबर

रस्ता झाला.

आबा आणि आई प्लांटच्या टेंपोतून आले. आबांनी डोक्याला नवा फेटा बांधला होता. पहिला ट्रक आला तेव्हा त्यांनी मालावर भंडारा उधळला. साहेबांनी दुसरीकडे पाहिलं. पिवळा भंडारा काळ्या मालावर पडला आणि लगेच दिसेनासा झाला.

प्लांटवर बर्नर सांभाळायला यादव आहे, बिहारचा, सहा वर्षं शेठकडे. तो सकाळी लोकर दाखवत म्हणाला, "साहब, ये ऊन पूरा खुल नहीं रहा. गोली-गोली रह रहा है." मी म्हटलं, ड्रम थोडा जास्त फिरव. त्याने फिरवला. माल काळाभोर, चकचकीत निघाला. ट्रकच्या तळाशी डांबराचा थेंब नव्हता.

संध्याकाळी रोलर थांबल्यावर, रस्ता निवल्यावर, आबांनी वहाणा काढल्या आणि लोकरीच्या पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालत गेले. काठी टेकत, सावकाश. मी विचारलं, पायाला काय लागतं?

"घोंगडंच हाय," ते म्हणाले.

२७ डिसेंबर

रोज येता-जाता गाडी थांबवून पट्टी पाहतो. ओरखडा नाही. उसाचे ट्रेलर दिवसभर तिच्यावरून जातात. म्हाळू काल तिघांना घेऊन आला होता, सगळ्यांच्या घरी लोकर पडून आहे. मी अजून नक्की नाही असं सांगत होतो आणि आबा आतून सांगत होते की नक्की आहे.

१४ जानेवारी २००५

संक्रांत. बन्सी तिळगूळ घेऊन आला. आबांच्या पाया पडला आणि म्हणाला, "गडी बघा एखादा. उन्हाळ्यापतूर पगाराचं माझ्याकडं." आबांनी त्याला तिथेच बसवून घेतलं आणि कुठली मेंढी कधी व्यायची ते सांगायला लागले. बन्सी ऐकत होता. आईने स्वयंपाकघरातून माझ्याकडे पाहून डोळे पुसले.

पूनम उद्या माहेरी जाणार. पहिलं बाळंतपण, दौंडला.

१९ जानेवारी

कॅनॉलला पाणी सुटलं. वरच्या उसाच्या रानातलं पाणी चारी फोडून रस्त्यावर आलंय, अगदी आमच्या तुकड्यावर. दर आवर्तनाला येतं म्हणे. ज्याचं रान त्याला सांगायला गेलो तर तो म्हणाला, पाणी काय मी धरून ठेवू?

काळजी नाही. पाण्याची परीक्षा आपण दोनदा घेतली आहे.

२२ जानेवारी

लोकरीच्या पट्टीत परातीएवढा खड्डा. खडी मोकळी झालीय, हाताने उचलता येते. शेजारची परदेशी गोळीची पट्टी जशीच्या तशी.

२४ जानेवारी

खड्डे मोजायचे सोडून दिले. ट्रेलर गेला की खडी उडते. एक तुकडा उचलून घरी आणला. खडीवर डांबर नाहीच, धुतल्यासारखी पांढरी. मध्ये लोकरीचे गठ्ठे, फुगलेले, बुळबुळीत. वास घेतला तर आंबूस. शेतातल्या पाण्याचा असेल.

आबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना कळलंय. आज त्यांनी मला रस्त्याचं काही विचारलं नाही.

२७ जानेवारी

साहेब येऊन गेले. तुकडा खरवडून काढा आणि गोळीच्या मालाने भरा, म्हणाले. शेठनी माझ्याकडे पाहिलं. मी रात्रंदिवस एकच विचार करतोय. नमुना टिकला, रस्ता टिकला नाही. लोकर तीच, डांबर तेच, खडी तीच. मग वेगळं काय झालं? आच. ड्रम जास्त फिरला, लोकर भाजून निघाली. जास्त तापली की ती कुजल्यासारखी होत असेल.

यादवला सगळ्यांसमोर विचारलं. तो म्हणाला, "एक सौ साठ के ऊपर गया ही नहीं, साहब. आप खड़े थे."

मी उभा होतो, हे खरं. पण मी सतत काट्याकडे पाहत नव्हतो. तसं मी शेठना सांगितलं.

३१ जानेवारी

शेठनी यादवला नगरकडच्या लहान प्लांटवर धाडलं, हेल्पर म्हणून. जाताना त्याने लॅबच्या दारात उभं राहून नमस्कार केला. मी ओव्हनमध्ये काहीतरी बघत होतो.

६ फेब्रुवारी

लॅबच्या कपाटात सप्टेंबरात कातरलेली थोडी लोकर उरली होती. पुन्हा नमुने केले, पुन्हा पाण्यात ठेवले. पुन्हा उत्तम. म्हणजे माझी रीत बरोबर आहे, चूक यादवचीच. हे सिद्ध झालं, तरी जेवण गेलं नाही. शेठना दाखवायला नेलं तर म्हणाले, "हनुमंतराव, ते मेंढराचं आता पुरे." चहा मागवला नाही.

१३ फेब्रुवारी

दौंडचा व्यापारी सकाळी टेंपो घेऊन आला.

बन्सीने फोन केला होता, आबांना विचारूनच. आबा म्हणाले होते, बोलव. बन्सी म्हणाला होता, आबा, उन्हाळ्यापर्यंत तर थांबू. आबा म्हणाले, "कशाची वाट बघायची आता?"

मेंढरं चढेनात. व्यापाऱ्याची माणसं त्यांना मागच्या पायांना धरून उचलायला लागली तेव्हा आबा उठले. काठी टाकली, काशीच्या मानेखाली हात घातला आणि तिला स्वतः फळीवरून वर नेलं. ती निमूट गेली. तिच्यामागे सगळी चढली. मग आबांना टेंपोतून उतरता येईना. मी आणि बन्सीने त्यांना खाली घेतलं. ते फार हलके लागले.

टेंपो गेल्यावर आई मेंढरांचं वाडगं लोटायला लागली. मी म्हटलं, राहू दे आता. ती म्हणाली, "राहू दे कसं? घान हाय."

मला वाटतं हे सगळं मी केलं. मी काही बोललोच नसतो तरी मेंढरं गेली असती, हे मला कळतं. पण मग आबांना सहा महिने आशा नसती लागली.

२ मार्च

आबा दिवसभर पायरीवर असतात. बन्सीने टीव्हीचा मोठा सेट आणलाय. तो लावला की आबा त्याच्याकडे पाठ करून बसतात, पण आत येत नाहीत आणि बाहेरही जात नाहीत.

१२ मार्च

दौंडहून फोन आला. मुलगी झाली. पूनम बरी आहे. आबांना सांगितलं, ते म्हणाले, "भंडारा लाव देवाला." मग पुन्हा हाक मारून विचारलं, "काळी का गोरी?" खूप दिवसांनी त्यांनी आपण होऊन काही विचारलं.

२३ मार्च

दौंडला बारसं झालं. आबा येणार नाही म्हणत होते, आईने फेटा हातात दिला तेव्हा उठले. मुलीचं नाव ज्ञानेश्वरी ठेवलं. पूनमच्या आईने तिला बाजारातल्या मशीनच्या शालीत गुंडाळलं होतं. मी वाट बघत होतो की आमच्या पिशवीतून घोंगडं कधी निघतं. आता बाळ आलं होतं, आता लपवायचं कारण नव्हतं. पाळणा झाला, घुगऱ्या वाटल्या, तरी काही निघालं नाही.

मी आईला बाजूला घेऊन विचारलं, "घोंगडं घरी विसरलीस का?"

"कसलं घोंगडं?"

"बाळाचं. दिवाळीनंतर खळ केली होतीस ना? मी पाहिलं होतं, बोललो नाही."

आई माझ्याकडे बघत राहिली. "ती खळ व्हय? ती तुज्या रस्त्याच्या लोकरीला लावली की. सगळ्या. आबा म्हनलं, खळ चढली की लोकर घोंगडं हुती, मग पायाखाली गेली तरी चालतंय. आन् टिकंलबी. चार दिस हात चिकाट झालं व्हतं माजं."

मी म्हणालो, "हां."

"तुला ठावं नव्हतं?"

"ठावं होतं," मी म्हणालो. "विसरलो."

मग मोरीत जाऊन तोंड धुतलं. पाण्याखाली हात धरून उभा राहिलो. चिंचोक्याची खळ. पाणी लागलं की फुगते, बुळबुळते, आंबते. जो डांबराचं पहिलं वर्ष शिकलाय त्यालाही सांगता येईल की तिनेच फुगून खडीवरचं डांबर सोडवलं. म्हणून लोकर कुट्टीत कटाकट तुटली, आणि मी रिठ्याची करामत म्हणून लिहून ठेवलं. म्हणून यादवला ती गोळी-गोळी दिसली. म्हणून कपाटातली लोकर टिकली. तिला खळ लागलीच नव्हती. पोती दुसऱ्या कुणाची असती तर मी उघडून नमुना घेतला असता. घरची होती म्हणून घेतला नाही.

यादवला परत बोलवायला उद्या शेठना सांगायचं आहे. आच बरोबर होती, आलेला माल मी न तपासता वापरला, एवढंच सांगणार. लोकरीला काय लावलं होतं आणि कुणी लावलं होतं, ते कुणाला सांगायचं नाही. पूनमलाही नाही. ती हसायची नाही, पण तरीही नाही.

परतीच्या एसटीत आबा खिडकीशी बसले, मी शेजारी. आईचा पुढच्या सीटवर डोळा लागला होता. न्हावऱ्याच्या अलीकडे आमचा तुकडा आला. तो भरून झालाय, नव्या मालाचा काळा चौकोन वेगळा दिसतो. गाडी त्याच्यावरून जाताना जराही आदळली नाही. आबा खिडकीतून खाली बघत होते.

"हनमंता, एक इचारू?"

"विचारा की."

"खळ कमी पडली व्हती का रं?" ते हळू आवाजात म्हणाले, आई उठू नये म्हणून. "म्या हिला म्हनलं व्हतं, आजून पाटीभर चिंचोके आन. ही म्हनली, पुरं. म्याबी मग लावून धरलं न्हाई. तवापासनं त्ये डोक्यातनं जात न्हाई. आजून एक हात चढवला आसता तर टिकला आसता रस्ता. मेंढरंबी ऱ्हायली आसती."

म्हणजे जानेवारीपासून ते पायरीवर हे घेऊन बसले होते.

"न्हाई आबा," मी म्हणालो. "खळ बराबर व्हती. लोकर एक नंबर व्हती. डांबर हलकं निघालं."

"डांबर?"

"व्हय. डांबर."

"मग बरं," आबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "हिला सांगू नगं म्या इचारलं म्हनून."

न्हावऱ्याला उतरलो. आई पुढे निघाली. आबा काठी टेकत चार पावलं गेले, थांबले आणि मागे वळून पाहिलं. मेंढरं येतात का बघायची सवय. मागे मीच होतो.